कपाटामागची ओल

आमच्या इमारतीत माझ्या बायकोला मेस्तरीण म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि तिला ते आवडतं. "मेस्तरीणबाई, नळ ठिबकतोय," "मेस्तरीणबाई, दार घासतंय," अशा हाका जिन्यातून येत राहतात आणि ही हातातलं काम तसंच टाकून पाना घेऊन निघते. माझं जेवण राहतं बाजूला. मी चिडतो, पण माझ्या चिडण्याला आमच्या घरात काडीची किंमत नाही.

मी पोस्टमन होतो. जन्मभर लोकांच्या दारापर्यंत गेलो, पण दाराचा स्क्रू घट्ट करायला कुठल्या बाजूला फिरवायचा हे मला आजही विचारावं लागतं. एकदा स्वतःहून बल्ब बदलायला गेलो तर अख्ख्या मजल्यावरचे दिवे गेले. तेव्हापासून मी स्टुलाला नुसता हात लावला तरी ही ओरडते, "अहो, उतरा खाली! मला इतक्यात विधवा व्हायचं नाहीये." चढलेलोच नसतो मी अजून, पण ते सांगायची सोय नाही.

पण काय हात आहे हो तिचा! पंपांच्या कारखान्यात जोडणी विभागात होती ती. पाइपला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवते, दांडा कानाला लावते, डोळे मिटते आणि सांगते, "तिसऱ्या मजल्यावरच्यांचा फ्लश वाहतोय." वर जाऊन बघावं तर खरंच वाहत असतो. दार जाम झालं की ती आधी बिजागऱ्या बघते, मग चौकट, मग दाराची खालची कड, आणि रंधा सगळ्यात शेवटी हातात घेते. मी पहिल्यांदा लाथ घालतो. संसाराला इतकी वर्षं झाली, पण ही स्टुलावर चढून मान वाकडी करून काही न्याहाळायला लागली की मी अजून पेपर खाली ठेवून तिच्याकडे बघत बसतो. हे तिला माहीत नाही, आणि कोणी सांगायची गरज नाही.

दोष म्हणाल तर एकच. तिला फट सहन होत नाही. कारखान्यात जन्म गेला तो पाणी गळू नये म्हणून, त्यामुळे कुठे भोक दिसलं की हिचा हात लांबीच्या, म्हणजे पुट्टीच्या, डब्याकडे गेलाच. भेग बुजव, छिद्र बुजव, फट बुजव. आमच्या मागच्या खोलीत खिडकीच्या वर एक झरोका होता. लेक लहान असताना एका हिवाळ्यात तिला ताप भरला, खोलीत गार वारा येतो म्हणून हिनं तो झरोका विटा घालून बंद केला, वरून गिलावा केला, घासला, रंगवला. इतकं बेमालूम काम की झरोका कुठे होता हे बोट ठेवून कोणाला दाखवता येईना. शेजारणी बघायला यायच्या. ही त्यांना भिंतीवरून हात फिरवायला लावायची आणि मान ताठ करून उभी राहायची.

तर यंदा आमच्या लेकीला मुलगी झाली, पण दिवस भरायच्या खूप आधी झाली. एवढीशी पोर. किती तरी आठवडे काचेच्या पेटीत होती. मग पेटीतून बाहेर आली, दूध ओढायला लागली, वजन धरायला लागली, पण फुप्फुसं अजून नाजूक होती. बाळांच्या त्या वॉर्डात आयांना राहायला जागा नव्हती. दुपारी ठरलेल्या वेळेत जायचं, बाळाला छातीशी धरायचं, आणि वेळ संपली की परत खाटल्यात ठेवून निघायचं. जावई दूर बोगद्याच्या कामावर, कामगारांच्या बराकीत राहणारे, म्हणून लेक आमच्याकडेच होती, मागच्या खोलीत. रोज संध्याकाळी ती जिना चढून यायची आणि चपला काढताना भिंतीला हात टेकून तशीच उभी राहायची. "ठेवून आले," एवढंच म्हणायची.

बाळ घरी सोडण्याआधी हॉस्पिटलातून एक सिस्टर घर बघायला येते, असं कळलं. आली. उंच, सडपातळ, चेहऱ्यावर हसू नावाला नाही. आमची पुढची खोली रस्त्यावर, खाली बसगाड्या, धूळ, धूर. मधे स्वयंपाकघर. म्हणजे बाळासाठी मागचीच खोली. सिस्टर आत गेली आणि खिडकीपुढे थांबली. हिवाळ्यातली सकाळ. काचेवरून पाण्याचे ओघळ चाललेले, खालच्या पट्टीवर तळं साचलेलं, कोपऱ्यात काळे ठिपके. तिनं बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "या खोलीत मी बाळ पाठवू शकत नाही. ही बुरशी आहे. त्या फुप्फुसांना हा दमटपणा झेपायचा नाही. खोली कोरडी करा, मी पुन्हा येईन. तोवर बाळ आमच्याकडेच राहील."

"किती दिवस?" लेकीनं विचारलं.

"ते खोली ठरवेल," सिस्टर म्हणाली आणि गेली.

लेक खाटेवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मला काही सुचेना, म्हणून मी त्या सिस्टरला, हॉस्पिटलला, इमारत बांधणाऱ्याला आणि हिवाळ्याला शिव्या घातल्या. आमची ही मात्र खिडकीपुढे उभी. चौकट दाबून बघितली, काचेच्या कडा नखानं खरवडल्या आणि म्हणाली, "बाहेरून पाणी घेतेय ही. काचेच्या कडेची लांबी सुटली असणार. दोन दिवसांत बंद करते बघ."

"आई, प्लीज, कोणा माहीतगाराला बोलाव," लेक म्हणाली.

"मग मी कोण आहे?"

या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर देत नसतात.

तिनं काच भरली, चौकट भरली, चौकटीच्या खालच्या कडेला दोन बारीक भोकं होती तीसुद्धा भरली. बाहेरून बादलीनं पाणी मारून बघितलं, आत थेंब नाही. खूश झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवरून पाण्याच्या धारा लागलेल्या, आदल्यापेक्षा जास्त. तिसऱ्या दिवशी खिडकीखालच्या भिंतीचे पोपडे निघाले.

तेव्हा मी गुपचूप खाली गेलो आणि तळमजल्यावरच्या काचवाल्याला वर घेऊन आलो. इमारतीतल्या अर्ध्या खिडक्यांच्या काचा त्यानं बसवलेल्या. चांगला माणूस, पण आमच्या हिचं आणि त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यानं खिडकी बघितली, वर दोरीवर वाळत घातलेले कपडे बघितले, नाक वर करून वास घेतला आणि म्हणाला, "वहिनी, हे पाणी बाहेरचं नाही. आतलं आहे. खोलीतली वाफ गार काचेवर बसते. तुम्ही जितकं बंद कराल तितकं वाढेल."

"वाफ? इथं काय मी बंब पेटवते?"

"ओले कपडे आहेत. शेजारी स्वयंपाकघर. माणसं श्वास घेतात. सगळं जाणार कुठे?"

"तुम्ही काचा विका हो. भिंतीतलं आणि पाण्यातलं मला शिकवू नका."

"काचाच विकायच्या असत्या तर नवी दुहेरी काच लावा म्हणालो नसतो का?" तो हसला, आणि त्या हसण्यानं आमची ही पेटली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी या. तुमच्या डोळ्यांनी बघा."

तिनं काय केलं, तर लेकीचा हेअर ड्रायर घेऊन खिडकीखालची हातभर भिंत खडखडीत वाळवली. त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा लावला आणि चारी कडा चिकटपट्टीनं पक्क्या केल्या. मग मला समोर उभं करून समजावलं, जसं काही मी भरलेली सभा आहे. "पाणी भिंतीतून बाहेरून येत असेल, तर ते उद्या प्लास्टिकच्या मागं दिसेल. खोलीतलं असेल, तर प्लास्टिकच्या पुढं, आपल्या बाजूला. आता यात कोणाला बोलायला जागा आहे?"

"नाही," मी म्हणालो. मला तर तेव्हाच कळलं होतं की ही जिंकणार. मी हिच्याविरुद्ध कधी पैज लावत नाही.

सकाळी मी उठलो तेव्हा ती आधीच तिथे होती, खिडकीपुढे उकिडवी बसलेली. प्लास्टिकच्या आपल्या बाजूवरून पाणी ओघळत होतं. मागची भिंत काल वाळवली तशीच, कोरडी. तिनं प्लास्टिकवर बोट ठेवलं, ओलं बोट बघितलं. लेक दारात येऊन उभी राहिली होती. रोज ते बाळ ठेवून यायचं तिच्या डोक्यात साचलेलं, ती भडकलीच.

"बुजव, बुजव, बुजव! काही दिसलं की बुजवायचं! आई, माझी मुलगी तिकडे आहे आणि तू इथं हट्ट करत बसलीयेस!"

मी लेकीवर ओरडणार होतो. पण आमची ही उठली, गुडघे झाडले, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बरोबर बोलतेस. मी चुकले." मग तशीच, केस न विंचरता, चहा न घेता, जिना उतरून खाली गेली. मी मागोमाग. काचवाला दात घासत होता. तोंडात फेस. ही म्हणाली, "तुम्ही बरोबर होतात. पाणी आतलंच आहे. आता सांगा, हवा खेळायला काय करावं लागेल?"

तो बिचारा इतका गोंधळला की ब्रश तोंडात ठेवूनच बोलायला लागला. माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! जिंकून आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हरल्यावर तोंडही न धुता शेजाऱ्याच्या दारी जाऊन "पुढं काय करू" विचारणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि ते माझ्या घरात राहतं.

काचवाल्यानं सांगितलं ते थोडक्यात असं होतं: ओले कपडे खोलीबाहेर, सकाळी खिडकी उघडी, चौकटीची भोकं मोकळी, कारण ती पाणी बाहेर सोडण्यासाठीच असतात, आणि वरून हवा जायला वाट हवी. "पूर्वी या खोल्यांना वर झरोके होते," तो म्हणाला. "तुमच्याकडे दिसत नाही."

"दिसणार नाही," ही म्हणाली. "मी बंद केलाय."

वर आल्यावर ती त्या भिंतीकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मी म्हणालो, "आपण एक पंखा आणू या का? भोक नको पाडायला." खरं सांगतो, मला त्या भिंतीचं वाईट वाटत होतं. इतकं देखणं काम! शेजारणी हात फिरवून गेलेल्या. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. जुन्या चादरीनं खाट झाकली, डोक्याला फडकं बांधलं, छिन्नी आणि हातोडी घेऊन स्टुलावर चढली आणि पहिला घाव घातला.

आणि निघता निघेना! आपलंच काम, एवढं पक्कं केलेलं. छिन्नी सटकायची, ठिणगी उडायची, वीट हलायची नाही. घामाघूम झाली. खाली मी स्टूल धरून उभा, अंगावर गिलाव्याचा पाऊस. "कोणत्या मूर्खानं हे एवढं घट्ट केलंय!" ती वरून ओरडली आणि स्वतःच खोखो हसायला लागली. मग मीही हसलो, आणि स्वयंपाकघरातून लेकसुद्धा आली, तिच्याही तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. तिनं एक शब्द न बोलता आईच्या हातातली फुटकी वीट खाली घेतली. दुपारी ती हॉस्पिटलात जाईपर्यंत दोघींनी मिळून झरोका मोकळा केला होता. त्यातून गार हवेचा झोत आला आणि सगळ्यात आधी मी शिंकलो.

मग माझे हाल सुरू झाले. कपडे गच्चीवर वाळत घालायचे, आणि ते वर नेणार कोण? मी. सकाळी उठल्याबरोबर खिडकी उघडायची, काच पुसायची, फडकं पिळायचं, आणि तेही कोण? मीच. थंडीत उघड्या खिडकीपुढे कुडकुडत काच पुसताना मी जे काही बोलायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही. "नीट पुसा हो, कोपरे राहिले," ही आतून म्हणायची. स्वयंपाक करताना मधलं दार बंद ठेवायचं, झाकण टाकून शिजवायचं. झरोक्याला तिनं जाळी लावली, वर बारीक झडप केली, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरून तिरकी. चौकटीची भोकं सुईनं कोरून काढली.

काच सकाळची कोरडी राहायला लागली. मी म्हणालो, जिंकलो. बोलाव त्या सिस्टरला.

"थांबा," ती म्हणाली, आणि कपाट ओढलं.

लोखंडी कपाट, बाहेरच्या भिंतीला चिकटून वर्षानुवर्षं उभं. मागं बघितलं तर भिंत काळीकुट्ट. छातीइतक्या उंचीपर्यंत ओल, वर बुरशीची लव. लेकीनं तोंडावर हात ठेवला. आमच्या हिनं नाकाला फडकं बांधलं, खिडकी सताड उघडली, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं ती भिंत घासली, सुटलेला गिलावा खरवडून टाकला. बुरशी गेली, पण ओल भिंतीच्या पोटात होती. ती घासून जात नाही. ती आपल्या सवडीनं वाळते.

मग तिनं पेन्सिल घेतली आणि ओलीच्या कडेकडेनं भिंतीवर रेघ मारली, नकाशात तळ्याचा काठ काढावा तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल बोटभर आत सरकलेली. तिनं नवी रेघ मारली. तिसऱ्या दिवशी परत. लांबी नाही, रंग नाही, काही लावायचं नाही, नुसतं बघायचं आणि रेघ मारायची. फट दिसली की जिचे हात शिवशिवतात ती बाई रोज त्या उघड्याबोडक्या भिंतीपुढे हात मागं बांधून उभी राहायची. हे तिला किती जड जात होतं ते मला ठाऊक आहे. लांबीचा डबा तिनं मला माळ्यावर टाकायला लावला होता, स्वतःचा भरवसा नव्हता म्हणून.

पण लेकीला धीर निघेना. "काच कोरडी आहे ना? वास गेलाय ना? मग बोलवा की सिस्टरला. कपाटामागं कोण बघतंय?" संध्याकाळी परत येऊन ती भिंतीला टेकून उभी राहायची ते आता जास्त वेळ. एकदा म्हणाली, "आज मी ठेवताना तिनं माझं बोट सोडलं नाही, बाबा. सोडवावं लागलं." मी उठून गॅलरीत गेलो. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

म्हणून मीच हॉस्पिटलात फोन करून सिस्टरला बोलावलं. मग आमच्या हिला सांगितलं. मी म्हणालो, "हे बघ, कपाट भिंतीपासून वीतभर पुढं आहेच, मागं हवा खेळतेय, ओल निम्म्यावर आलीय, दहा-पंधरा दिवसांत जाईल. तू आपणहून त्या कपाटाचा विषय काढू नकोस. विचारलं तर सांग." ती काही बोलली नाही. मी समजलो, पटलं. इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं की ही गप्प बसली म्हणजे पटलेलं नसतं.

सिस्टर आली ती दुपारी, लेक वॉर्डात गेलेली असताना. तोच कोरा चेहरा. काचेवर बोट फिरवलं. कोरडं. खालची पट्टी बघितली, कोपरे बघितले, झरोक्याखाली हात धरला. खाटेखाली वाकून बघितलं. दीर्घ श्वास घेऊन वास घेतला. मी दारात उभा. मग तिनं मान हलवली आणि पहिल्यांदाच किंचित हसली. "खूप बदललीय खोली. छान काम केलंत," ती म्हणाली आणि पर्स खांद्याला लावून वळली. माझ्या जिवात जीव आला. मी दाराची कडी काढायला धावलो.

"सिस्टर, थांबा," मागून आवाज आला. "एक राहिलं."

आणि माझ्या डोळ्यांदेखत आमच्या हिनं कपाटाला खांदा लावला आणि ते करकरत बाजूला ढकललं.

मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुतेक "अगं ए!" असं ओरडलो. डोकं असं तडकलं की त्या क्षणी मी तिला घराबाहेर काढली असती. माझ्या डोळ्यांपुढे लेकीचा चेहरा. हातातोंडाशी आलं होतं सगळं, आणि ही बया भिंत दाखवत होती.

सिस्टर परत आली. खरवडलेली भिंत, मधे ओलीचा काळपट डाग, भोवती एकात एक पेन्सिलीच्या रेघा. ती वाकली. हाताची मागची बाजू डागावर टेकवली, मग रेघांच्या बाहेर टेकवली.

"या रेघा?"

"रोज सकाळची एक," ही म्हणाली. "सर्वांत बाहेरची पहिली. सुकतेय, पण अजून पुरती सुकलेली नाही."

"मी तर निघाले होते," सिस्टर म्हणाली. "मला दिसलं नव्हतं. का दाखवलंत?"

आमच्या हिचा आवाज कधी कापत नाही. तेव्हा कापला. "मी या खोलीत एकदा चुकलेय, सिस्टर. मला वाटत होतं मला सगळं कळतं, आणि मी चुकले. आता ही भिंत ठीक आहे असं मला वाटतंय, पण माझ्या एकटीच्या वाटण्यावर ते लेकरू इथं नाही झोपवायचं मला. तुम्ही बघा. तुम्ही नाही म्हणालात तर मी थांबेन. माझी पोर मला बोलेल, बोलू दे."

मी तिथंच स्टुलावर बसलो. राग कुठे गेला कळलंच नाही. मला स्वतःची लाज वाटली की नाही ते जाऊ द्या, पण मला तिचा इतका अभिमान वाटला की काय करावं ते सुचेना, म्हणून मी उगाच खिडकी उघडली आणि परत लावली.

सिस्टरनं पुन्हा भिंतीकडे पाहिलं. एकेका रेघेवरून बोट आत आत नेलं. मग सरळ उभी राहिली.

"मी घरं बघायला जाते ना, तेव्हा लोक मी यायच्या आधी कपाटं भिंतीला चिकटवून ठेवतात," ती म्हणाली. "भिंतीवर चादरी लावतात, अत्तर मारतात. पहिल्यांदाच कोणीतरी माझ्यासमोर कपाट सरकवलं." ती खोलीभर फिरली आणि आतल्या भिंतीशी थांबली. "खाटलं इथं, या भिंतीला. कपाट खोलीतून बाहेर काढा, पूर्ण. रेघा मारणं सोडू नका. एखाद्या दिवशी ओल मागं सरकायच्या ऐवजी पुढं आली, तर त्याच दिवशी मला फोन करायचा."

"करीन," ही म्हणाली.

"माहीत आहे, कराल. उद्या सकाळी बाळाला घेऊन या."

जिला कधी कोणी गप्प करू शकलं नाही ती बाई नुसती मान हलवत राहिली, आणि मग खाटेच्या कडेला बसून पदरात तोंड खुपसून रडली. सिस्टरला जिन्यापर्यंत मीच सोडून आलो. पाच-सहा वेळा "आभारी आहे" म्हणालो, शेवटी ती म्हणाली, "काका, पुरे, आत जा."

मी लेकीला फोन लावला. वॉर्डाची वेळ चालू होती. मागं कुठलंतरी बाळ रडत होतं, आपलं की दुसऱ्याचं ते कळेना.

"बाबा, काय झालं? सिस्टर आल्या होत्या? काय म्हणाल्या?"

"उद्या," मी म्हणालो. एवढाच शब्द निघाला. "उद्या सकाळी. घरी."

मग कोणीतरी बायकांना हाक मारल्याचं ऐकू आलं, वेळ संपली म्हणून.

"बाबा, मी तिला ठेवून येते हं," लेक म्हणाली. तिला हुंदका आवरत नव्हता. "आज शेवटचं ठेवतेय."

मी फोन हिच्या हातात दिला.